पंचाचा वाडगा

उन्हाळ्यातील लग्नसराईत, बाप्तिस्म्याच्या मेजवानीत किंवा सुट्टीत गावी आलेल्या आप्तेष्टांसाठी भरवलेल्या स्नेहमेळाव्यात हल्ली टेबलाच्या मधोमध काचेचे एक मोठे भांडे मांडलेले दिसते. तांबडी वाइन, तीत तरंगणारे मोसंब्यांचे काप, अननसाचे तुकडे, बर्फ आणि वरून सोडा. कोणी त्याला फ्रूट पंच म्हणतो, कोणी वाइन पंच, तर जहाजावर नोकरी करणारा एखादा भाचा ‘हा सांग्रिया’ अशी दुरुस्ती सुचवतो. हा परदेशी थाट आपल्या मांडवात केव्हा शिरला, असे घरातील वडीलधारी मंडळी कुरकुरत विचारतात. या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागलो म्हणजे परदेशी न जाता आपण प्रथम सुरतेस, तेथून गोव्यास आणि मग मुंबईच्या किल्ल्यात येऊन थांबतो. थाट परदेशी असेल. पण भांड्यात प्रथम जे ओतले गेले ते आपल्याच किनाऱ्यावरचे होते.

प्रारंभ शब्दापासूनच करावा लागतो. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघा इंग्रजांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा एक विलक्षण कोश रचला. तो १८८६ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी रुळलेल्या देशी शब्दांचा हा संग्रह. त्यात ‘पंच’ हा शब्द आहे आणि त्याचे मूळ आपल्या पाच या संख्येत दाखवलेले आहे. मद्य, साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी अशा पाच वस्तूंचे मिश्रण, म्हणून ते पंच. पंचामृत, पंचखाद्य, पंचपाळे असे शब्द ज्यांच्या कानांवरून नेहमी जातात त्यांना ही व्युत्पत्ती ऐकताक्षणीच पटते. पटते, म्हणूनच ती जरा तपासून घेतलेली बरी.

उपलब्ध लेखांतला सर्वांत जुना उल्लेख १६३२ सालचा आहे. रॉबर्ट ॲडम्स नावाच्या कंपनीच्या माणसाने त्या वर्षीच्या सप्टेंबरात आंध्र किनाऱ्यावरील पेटापोली, म्हणजे आजचे निजामपट्टण, येथील एका सहकाऱ्याला पत्र धाडले. चांगली सोबत मिळाली आहे, तर एकत्र मजेत राहा आणि पंच हात न आखडता प्या, असा त्यातील एका वाक्याचा आशय. पंच म्हणजे काय हे समजावण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटलेली नाही. याचा अर्थ त्या वर्षापूर्वीच हे पेय इंग्रजी वखारींच्या अंगवळणी पडले होते.

त्यानंतर सहा वर्षांनी, १६३८ साली, योहान आल्ब्रेख्त फोन मांडेल्स्लो हा बावीस वर्षांचा जर्मन तरुण इराणमार्गे सुरतेस येऊन पोहोचला. इंग्रजांच्या वखारीत त्याचे आतिथ्य झाले. तेथील दिनक्रमाचे त्याने केलेले वर्णन आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत माणुसकीचे पान वाटते. वखारीत रोज प्रार्थना होई. शुक्रवारी प्रार्थनेनंतर वखारीचा अध्यक्ष आणि त्याचे काही आप्त व्यापारी खास एकत्र बसत. या सर्वांच्या बायका इंग्लंडात राहिलेल्या होत्या आणि मायदेशाचा किनारा त्यांनी सोडला तो वार शुक्रवार होता. त्या वाराची आठवण ठेवून, दूर राहिलेल्या आपापल्या पत्नीच्या नावाने ते प्याला उचलीत. ज्याला हवी त्याने स्पेनची सॅक वाइन घ्यावी, ज्याला हवे त्याने ‘पालेपुंट्झ’ घ्यावे. हे पालेपुंट्झ म्हणजे मद्य, गुलाबपाणी, लिंबूवर्गीय फळांचा रस आणि साखर यांचे मिश्रण, असे तो सांगतो. काही मंडळी झेपेल त्याहून अधिक घेत, हेही त्याने लपवलेले नाही.

पालेपुंट्झ हा शब्द जर्मन नाही आणि गुजराती तर नाहीच. ‘बोल ऑफ पंच’, म्हणजे पंचाचा वाडगा, हे इंग्रजांच्या तोंडचे शब्द त्या तरुणाच्या कानांना असे ऐकू आले. फ्रेंच प्रवासी बुलाय-ल-गूझ याच्या १६५३ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याच शब्दांचे ‘बोलपोंज’ झाले आहे. साखर, लिंबाचा रस, मद्य, जायपत्री आणि भाजलेले बिस्किट अशी त्याची यादी आहे. मोगल दरबाराजवळ राहिलेला फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निये याने बंगालविषयी लिहिताना ‘बुलपोंज’ म्हटले आहे. गुळाच्या मळीची अराक, लिंबू, पाणी आणि थोडे जायफळ, एवढेच त्याचे घटक. जिभेला गोड आणि देहाला घातक, असा त्याचा वैद्यकीय शेराही सोबत आहे.

आता ही घटकद्रव्ये मोजून पाहू. मांडेल्स्लोच्या पंचात चार वस्तू. बुलाय-ल-गूझच्या पंचात पाच. पण त्यात पाण्याऐवजी बिस्किट. बर्नियेच्या पंचात पुन्हा चार. पाचाचा हिशेब स्वच्छपणे जुळवणारा माणूस पहिल्यांदा भेटतो तो डॉ. जॉन फ्रायर. हा कंपनीचा शल्यवैद्य १६७३ साली या किनाऱ्यावर उतरला, मुंबई, सुरत, जुन्नर, गोवा असा पुष्कळ फिरला आणि १६९८ साली त्याने आपले अनुभव प्रसिद्ध केले. गोव्याजवळच्या नेरूल येथे सर्वोत्तम अराक गाळली जाते, तिच्यापासून इंग्रज लोक ‘पाँच’ नावाचे अंगातील बळ हरण करणारे पेय करतात, आणि हिंदुस्थानी भाषेत त्या शब्दाचा अर्थ पाच असा होतो, असे तो लिहितो. युरोपचे वैद्यही आपल्या औषधांना घटकांच्या संख्येवरून नावे देत, ही तुलनाही त्याने केली आहे. हे नेरूल बारदेशातले, मांडवीच्या मुखाजवळचे. नवी मुंबईच्या नेरूळशी त्याची गल्लत नको.

फ्रायरची साक्ष वजनदार आहे. तो देशी भाषांकडे कान देणारा होता आणि पेय जेथे तयार होत होते तेथेच उभा होता. तरीही ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने या व्युत्पत्तीवर शंका घेतली आहे आणि ती शंका सहज झटकता येत नाही. त्या शतकात इंग्रज माणूस या शब्दाचा उच्चार ‘पुंच’ असा काहीसा करीत असावा. पांच या उच्चाराशी तो नीट जुळत नाही. घटकही कधी चार, कधी सहा. शिवाय खलाशी ज्या पिंपांतून दारू नेत त्यांना ‘पंचन’ म्हणत, तेव्हा शब्द पिंपावरूनही आला असेल. आमच्याकडून आणखी एक शंका जोडतो: पहिला लेखी उल्लेख तेलुगू किनाऱ्यावरचा आहे आणि तेलुगूत पाचाला ‘ऐदु’ म्हणतात. अर्थात सुरत ही कंपनीची मुख्य वखार होती, माणसे आणि शब्द तेथून सर्वत्र जात, तेव्हा एवढ्यावरून पाचाचा दावा बुडतो असे नाही. जगाला एक शब्द आपण दिला, अशी बढाई मारण्याचा मोह मोठा आहे. पुरावा मात्र ‘संभवते’ एवढेच म्हणू देतो, आणि तेवढ्यावर थांबणे आम्हांला बरे वाटते.

(जाता जाता सांगायचे तर, १८४१ साली लंडनमध्ये निघालेले ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक आणि त्याच्या धर्तीवर मुंबईत पारशी मंडळींनी चालवलेले ‘हिंदी पंच’ यांतील पंच वेगळा. तो इटलीच्या पुल्चिनेल्ला या विदूषकाचा इंग्रजी अवतार. लंडनच्या त्या साप्ताहिकाच्या पहिल्या संपादकांत मार्क लेमन नावाचे गृहस्थ होते, आणि लिंबाशिवाय पंच कसला, असा विनोद तेव्हा झाला म्हणतात.)

शब्दाचा वाद बाजूस ठेवला तरी द्रव्याविषयी वाद नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या वाडग्यातील मद्य माडाचे होते. पोयीचे टोक कापायचे, त्याखाली मडके बांधायचे, सकाळ-संध्याकाळ वर चढून साठलेली माडी उतरवायची, मधल्या वेळी पुन्हा चढून पोय तासायची. आणि ही माडी भट्टीत गाळली म्हणजे अराक. गोव्यात माडीला सूर म्हणतात आणि ती काढणाऱ्याला रेंदेर. मुंबई बेटावर हेच काम भंडारी करीत. गोव्याचा पाव आणि सान्ने फुगत ते याच सुरेच्या बळावर, त्यामुळे माडावर चढणारा माणूस गावाच्या न्याहारीलाही लागे आणि मेजवानीलाही. सुरतेच्या वखारीत शुक्रवारी कोण कोण बसे हे आपल्याला ठाऊक आहे. नेरूलच्या माडावर दिवसातून तीनदा चढणाऱ्या एकाही माणसाचे नाव फ्रायरने टिपलेले नाही. पन्नास-साठ फुटांवरून पाय निसटला तर काय होते, हे किनाऱ्यावरच्या गावांना सांगायला नको.

इंग्रजांना हे मिश्रण करावेसे का वाटले, हा प्रश्न शब्दापेक्षाही महत्त्वाचा. इंग्लंडात ते बिअर पीत, ऐपत असल्यास वाइन पीत. विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या सहा-सात महिन्यांच्या प्रवासात बिअर आंबून जाई. वाइन आली तरी थोडी आणि महाग. येथे द्राक्षांची दारू सहजी मिळत नव्हती. मिळत होती ती गाळलेली कडक अराक. नुसती ती घशाखाली उतरेना. मग वाइनमध्ये जे जे असते ते बाहेरून आणून त्यांनी अराकीत घातले. द्राक्षाच्या आंबटपणाऐवजी लिंबू, त्याच्या गोडव्याऐवजी साखर, पातळपणासाठी पाणी, सुगंधासाठी जायफळ किंवा गुलाबपाणी. पंच म्हणजे हाताशी नसलेल्या वाइनची नक्कल होती, असे काही अभ्यासक मानतात आणि आम्हांलाही ते पटते. बायकोपासून, घरापासून आणि घरच्या पेयापासून तुटलेल्या माणसांनी परक्या किनाऱ्यावरच्या वस्तूंतून उभे केलेले ते एक सोंग होते. उन्हाळी मेजवानीतल्या आजच्या वाइन पंचाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. वाइन नाही म्हणून जे पेय जन्मले, त्यातच पुढे वाइनने प्रवेश केला.

त्या प्रवेशापूर्वीचा काळ मात्र सुखाचा नाही. मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर किल्ल्यात पंचगृहे निघाली. शिपाई आणि खलाशी यांचा पगार तेथेच जिरे. १६९० साली येथे आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने मुंबईतील एक म्हण नोंदवली आहे: माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. ही माणसे केवळ दारूने मेली असे म्हणणे खरे होणार नाही. दलदल होती, ताप होते, अतिसार होता. पण आजाराने आधीच खंगलेल्या देहावर रोजच्या अराकीचा घाव पडला म्हणजे तो तिसरा पावसाळा पाहत नसे.

याच मुंबईत १६९४ साली सरकारने एक फर्मान काढले. आमच्या मते पंचाच्या इतिहासात त्याहून बोलका कागद नाही. खाणावळीत पंच प्यायला आलेल्या कोणाही माणसाला एक क्वार्ट, म्हणजे सुमारे एक लिटर, चांगली गोव्याची अराक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागून घेण्याचा आणि आपला पंच आपणच कालवण्याचा हक्क राहील. आणि वाडग्यावर बाजार-अधिकाऱ्याचा शिक्का नसेल, तर गिऱ्हाइकाने तो वाडगा खुशाल फोडावा. वाडग्याचेही पैसे देऊ नयेत आणि पंचाचेही.

या फर्मानाकडे जरा रोखून पाहिले म्हणजे किती गोष्टी दिसतात! मालक मापात मारीत होते, म्हणून वाडग्याला शिक्का लागला. मालक अराकीत काहीबाही मिसळत होते, म्हणून गिऱ्हाइकाने स्वतः कालवायचे ठरले. ‘गोव्याची’ हा शब्द आहे, म्हणजे मुंबईची अराक त्या तोडीची मानली जात नव्हती. आणि पाण्याचे माप सांगितलेलेच नाही. एक लिटर मद्य, पाव लिटर लिंबूरस, सव्वादोनशे ग्रॅम साखर. पाणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर. गिऱ्हाइकाचा खिसा सांभाळण्याची चिंता सरकारने केली. त्याचे यकृत सांभाळण्याची त्या कागदात कोठेही सोय नाही.

पुढे हा वाडगा युरोपात गेला आणि तेथे त्याची प्रतिष्ठा वाढली. गोव्याची आणि बटाव्हियाची अराक जहाजांतून लंडनला, ॲम्स्टरडॅमला, स्वीडनच्या गोटेबोर्गला पोहोचू लागली. वाडगे चिनी मातीचे आणि चांदीचे झाले. १७३० नंतरच्या दशकात हॉगार्थने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात टेबलाभोवती झिंगलेली डझनभर सभ्य माणसे आणि मध्यभागी पंचाचा मोठा वाडगा आहे. वाडग्याजवळ पळी हातात घेऊन बसलेला मनुष्य धर्मगुरूच्या वेषात आहे. अराक महाग पडू लागली तेव्हा तिची जागा वेस्ट इंडीजच्या रमने घेतली. त्या रममागे उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांचा घाम होता. नेरूलच्या रेंदेराचे नाव नसणे आणि बार्बाडोसच्या गुलामाचे नाव नसणे, ही एकाच वाडग्याची गोष्ट आहे.

वाइन या वाडग्यात उतरल्याचा एक नेमका पुरावा १७३६ सालचा मिळतो. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने त्या वर्षी बातमी दिली, की स्ट्रँड रस्त्यावरील गॉर्डन नावाच्या पंचविक्याने मदेराच्या कडक वाइनपासून नवा पंच काढला आहे आणि त्याला तो ‘सांग्रे’ म्हणतो. स्पॅनिश भाषेत सांग्रे म्हणजे रक्त. आपल्याकडे ‘मदिरा’ हा शब्द असल्यामुळे मदेरा वाइनचे नाव संस्कृतातून गेले असावे असे कोणालाही वाटेल. तसे नाही. मदेरा हे पोर्तुगीजांचे अटलांटिक महासागरातील बेट, आणि त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ लाकूड. बेटावर दाट जंगल होते म्हणून ते नाव. योगायोग एवढाच.

गॉर्डनच्या सांग्रेची ‘सँगरी’ झाली आणि वेस्ट इंडीजमध्ये ती खूप चालली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात फ्रान्समधील बोर्दोची तांबडी वाइन घेऊन केलेला ‘क्लॅरेट कप’ इंग्रजांच्या उन्हाळी मेजवान्यांचा मानकरी ठरला. १८६१ साली निघालेल्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात त्याचे प्रमाण आहे. एक बाटली क्लॅरेट, एक बाटली सोडा, अर्धा पौंड बर्फ, चार चमचे साखर, पाव चमचा जायफळ, चेरीच्या मद्याचा एक लहान पेला आणि बोरेज नावाच्या वनस्पतीची डहाळी. एका बाटलीस एक बाटली सोडा, हे त्यातील मर्म. गाळलेल्या मद्याचा जोर निघून गेला आणि उरलेली वाइनही निम्मी पातळ झाली. दोनशे वर्षांच्या खोकल्यानंतर घसा मोकळा झाल्यासारखे हे वाटते. मुंबईलाही हे सुख दुर्लभ राहिले नाही. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून १८३३ साली कलकत्त्याला आणि १८३४ साली मुंबईला जहाजाने आला होता. अर्थात तो साहेबांच्या आणि शेटजींच्या टेबलासाठी.

जर्मनांनी या कथेत एक गंमत केली. मांडेल्स्लोच्या ‘पालेपुंट्झ’मध्ये बोल आणि पंच हे दोन्ही शब्द होते. पुढे जर्मन भाषेत गरम पेयाला ‘पुन्श’ म्हणू लागले आणि फळे घातलेल्या थंड वाइनच्या पेयाला नुसते ‘बोले’, म्हणजे वाडगा. त्यांचा मे महिन्यातील ‘मायबोले’ प्रसिद्ध आहे. पांढऱ्या वाइनमध्ये वाल्डमाइस्टर या रानवनस्पतीची किंचित सुकलेली जुडी अर्धा तास बुडवून ठेवतात आणि मग काढून टाकतात. पाने सुकल्यावरच सुगंध सुटतो. अधिक वेळ ठेवल्यास पेय कडवट होते आणि डोके धरते. या मे-वाइनचा उल्लेख प्र्यूम येथील मठातील वांडाल्बेर्ट या बेनेडिक्टाइन मठवासीयाने ८५४ साली केल्याचे सांगतात. म्हणजे वाइनमध्ये वनस्पती बुडवण्याची रीत मठातली आणि फार जुनी. वाडगा मात्र इंग्रजांकरवी आलेला.

राहता राहिला सांग्रिया. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ रक्त काढणे. वाइन, फळे, साखर, कधी दालचिनी, असे हे शेतकऱ्यांचे आणि जत्रांचे पेय. अमेरिकेत ते घरोघर पोहोचले ते १९६४ साली न्यूयॉर्कला भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील स्पेनच्या दालनामुळे. पुढे पर्यटकांच्या नादाने कोणीही कसल्याही लाल पाण्याला सांग्रिया म्हणू लागला, तेव्हा युरोपीय संघाने २०१४ साली नियम केला. नुसते ‘सांग्रिया’ हे नाव स्पेन आणि पोर्तुगाल येथे तयार झालेल्या पेयालाच मिळेल, मद्यार्क साडेचार टक्क्यांहून कमी नसेल आणि बारा टक्क्यांच्या आत असेल, वरून रंग घालता येणार नाही. १६९४ च्या मुंबईत वाडग्याला शिक्का लागत होता. आता नावालाच शिक्का लागला.

स्पेनमधील एक प्रथा मात्र टाळून पुढे जाता येत नाही. लेओन प्रांतात पवित्र सप्ताहात लिंबू, साखर आणि दालचिनी घातलेली वाइन पितात. तिला तेथे ‘लिमोनादा’ म्हणतात. या पिण्यालाच लोक पिढ्यान् पिढ्या ‘यहुदी मारणे’ असा वाक्प्रचार वापरीत आले. कित्येक पिणाऱ्यांच्या मनात त्याचा अर्थही नसेल. शब्द तोंडात बसलेला असतो. पण ज्या देशाने १४९२ साली आपल्या यहुद्यांना हाकलून दिले त्या देशात हा निव्वळ विनोद नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादता येणार नाही, असे स्पष्ट केले. वाक्प्रचार त्यानंतरही ऐकू येत राहिला. पेयाची चव किती निरागस! आणि त्याच्या नावाखाली काय साठलेले असते!

आता आपल्या मांडवाकडे वळू. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक परिसरात वाइनचे कारखाने झपाट्याने उभे राहिले. सुरतेच्या व्यापाऱ्यांना जी हवी होती आणि मिळत नव्हती, ती द्राक्षांची दारू आता त्याच मुलखाच्या शेजारी तयार होते. तेव्हा नक्कल करण्याचे कारण उरलेले नाही. वाइन पंचात ब्रँडी किंवा रम ओतून त्याला ‘जोर’ आणण्याची जी हौस काही ठिकाणी दिसते, ती आम्हांला १६९४ कडे परत जाण्यासारखी वाटते.

दहा माणसांसाठी मध्यम प्रतीच्या तांबड्या वाइनची एक बाटली पुरे. फार भारी वाइन फळांत वाया जाते. जुन्या पंचविक्यांची एक युक्ती आवर्जून करावी. दोन मोसंब्यांची किंवा संत्र्यांची साल पातळ सोलावी, आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, आणि ती चार-पाच चमचे साखरेत चुरगाळून तासभर झाकून ठेवावी. सालीतील सुगंधी तेल साखर ओढून घेते आणि साखरेला ओल सुटते. बाजारी अर्काने हा वास कधी येत नाही. मग साल काढून त्या साखरेत मोसंब्यांचा रस आणि एका लिंबाचा रस घालून ती विरघळवावी, त्यावर वाइन ओतावी, जायफळ चिमूटभर किसावे. अननस, सफरचंद आणि मोसंबीचे काप घालून भांडे तीन-चार तास थंड करावे. वसईची केळी कितीही गोड असली तरी ती या भांड्यात नकोत. काळी पडतात आणि गाळ होतो. हापूसचेही तेच. कलिंगड पाणी सोडते. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे असावे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ ठेवू नये हे आपल्या आजीला ठाऊक होते. ते येथेही लागू.

सोडा वाइनइतकाच घ्यावा, पण अगदी वाढण्याच्या वेळी, कडेने हळूच ओतावा. बर्फ चुऱ्याऐवजी एका मोठ्या तुकड्याचा असावा, म्हणजे सावकाश वितळतो. वाइन बारा-तेरा टक्क्यांची असेल तर या मापाने पेल्यात येणारे पेय पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे बिअरइतके. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी कोकमाचे दुसरे भांडे शेजारीच नको, वेगळ्या टेबलावर असावे. दोन्हींचा रंग सारखाच तांबडा असतो आणि मांडवातल्या दिव्यांत तो फरक कळत नाही. पंच संपल्यावर तळाशी राहिलेली फळे दिसायला मोहक असतात. चार तास वाइन पिऊन ती फुगलेली असतात. ती पोरांच्या हाती लागण्याआधी भांडे उचलावे.